वहिनींची खोटी पिन

माल पुरवणारा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरून मी त्याचं पाणी जोखायचो. पिंपरीच्या ज्या कंपनीत मी नोकरी केली तिथे मालवाहू टेम्पो बनायचे आणि मी होतो खरेदी खात्यात. टेम्पोचे बारीकसारीक भाग आम्ही भोसरीच्या छोट्या वर्कशॉपांतून करून घ्यायचो. ड्रॉइंग हातात पडलं की कुणी विचारायचा, "नग किती?" कुणी विचारायचा, "पेमेंट कधी?" आणि फारच तयारीचा गडी असला तर हळूच विचारायचा, "साहेबांना गोड काय आवडतं?" धंदा म्हटला की हे आलंच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

इंदुवहिनींनी विचारलं, "ही पिन लागते कुठे?"

मला सांगता येईना. ड्रॉइंगवर मापं होती, पोलादाचा प्रकार होता, भागाचा क्रमांक होता. पण ती बोटाएवढी पिन गाडीत नेमकी कुठे बसते, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "ब्रेकच्या पेडलला कुठेतरी लागते," मी म्हणालो.

"कुठेतरी म्हणजे कुठे?" वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून आमच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या. वॉचमनला वाटलं, कुणा कामगाराची बहीण डबा विसरला म्हणून आली असेल.

असेंब्ली लाइनवर बाईमाणूस येणं हीच त्या काळी बातमी होती. वहिनींनी पदर खोचला, अर्धवट बांधलेल्या टेम्पोशेजारी गोणपाट टाकायला लावलं आणि सरळ गुडघे टेकून खाली वाकल्या. "दाखव बाबा, कुठे आहे तुझी पिन," असं त्या फिटरला म्हणाल्या. त्याने बॅटरी मारून दाखवली. पेडलवर पाय पडला की सगळी ओढ त्या पिनेवरून पुढे जाते, हे त्यांनी पेडल पुन्हा पुन्हा दाबायला लावून नीट पाहिलं. भोवती घोळका जमला होता. मागून एकजण म्हणाला, "काय बाई, गाडी घ्यायचा इचार हाय का?"

"गाडी कसली घेतेय? जरा बाजूला हो, उजेड अडतोय," वहिनी तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या. ज्या आवाजात त्यांनी ते सांगितलं त्या आवाजाला माणसं बाजूला होतातच. तो मास्तरणीचा आवाज होता.

त्या खरोखरच मास्तरीण होत्या. सांगवीच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान माधवराव डिप्लोमा झालेले, चांगली नोकरी सोडून त्यांनी भोसरीत पत्र्याची शेड टाकली, लेथ आणि ग्राइंडर बसवले. पाच-सात माणसं जमवली. धंदा नुकता उभा राहत होता तोवर कावीळ झाली आणि चांगला धडधाकट माणूस बघता बघता गेला. नातेवाइकांनी सल्ला दिला, मशिनं विकून टाक, तुझी नोकरी आहे, मूलबाळ नाही, तुला काय कमी? वहिनी शेडचं कुलूप काढायला म्हणून गेल्या, तर माणसं दारात बसलेली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. माधवरावांना सगळे माधवभाऊ म्हणायचे, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. पुढे पुढे बँकेचा मॅनेजरही त्यांना वहिनीच म्हणायला लागला.

शेडवर पाटी नव्हती. माधवरावांनी रंगवून घेतलेली पाटी एका वावटळीत उडाली ती वहिनींनी परत लावली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "माल चांगला असला तर लोक पत्ता विचारत येतात आणि वाईट असला तर पाटी नसली तरी शोधून काढतात. मग रंगाचा खर्च कशाला?"

दिवाळीत आमच्या खात्यात मिठाईच्या खोक्यांची उतरंड लागायची. वहिनींकडून त्यात काही नसायचं. एकदा माझी बायको म्हणाली, "तुमच्या त्या वहिनींचं एवढं कौतुक सांगता, पण बाईनं कधी पेढा नाही पाठवला." मी हे थट्टेनं वहिनींच्या कानावर घातलं. त्यांना राग आला नाही. "त्यांना घेऊन या खंडेनवमीला," त्या म्हणाल्या. "पेढा माझ्या शेडमध्ये बसून खायचा. टेबलावर पोचवला की तो पेढा राहत नाही."

आम्ही गेलो. खंडेनवमीला भोसरीतल्या प्रत्येक शेडमध्ये मशिनांची पूजा असते. झेंडूच्या माळा, उसाचे तुरे, नारळ. पूजेत सगळे आपला उत्तम जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मांडतात, आरशासारखा चकचकीत. वहिनींच्या ताटात मात्र वर्षभरात बिघडलेले जॉब होते. वाकडे, चिरा गेलेले, माप चुकलेले. एकेक माणूस पुढे यायचा, आपला जॉब उचलायचा आणि तो का बिघडला ते सगळ्यांदेखत सांगायचा. "टूलला धार नव्हती, कंटाळा केला." "घरी पोरगं आजारी व्हतं, लक्ष लागंना." मग त्या जॉबला हळद लावून तो परत ताटात ठेवायचा. त्या दिवशी सांगितलेल्या चुकीबद्दल कुणाला कधी बोलणं बसलं नाही, पगार कापला नाही. शाळेत त्या पोरांना पाढा चुकला की असंच फळ्यापाशी बोलवत असणार. माझी बायको परतताना म्हणाली, "तुमच्या ऑफिसात असं ताट मांडलं तर केवढं होईल हो?" मी स्कूटरकडे लक्ष दिलं.

तिच्या नजरेनं आणखी एक गोष्ट टिपली होती. कुंकू लावायची वेळ आली तशा वहिनी उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. कुंकू लावलं ते शेवंताबाईंनी. ग्राइंडर चालवणारे दगडूमामा दिघीचे, माधवरावांच्या पहिल्या दिवसापासूनचे. शेवंताबाई ही त्यांची बायको. वहिनींना कुणी दाराशी जा म्हटलं नव्हतं, आणि जाऊ नका असंही कुणी म्हटलं नाही. तेव्हा ते तसंच असायचं.

हळूहळू असं झालं की वहिनींच्या पेट्या आमच्या गेटवर उघडायच्या बंद झाल्या. इतरांच्या मालातून नग काढून तपासायचे, वहिनींचा माल आला की तपासणीवाले म्हणायचे, "वहिनींचा ना? घ्या आत." हे मी त्यांना मोठ्या आनंदानं सांगितलं. मला वाटलं, त्या सुखावतील. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "असं करू नका हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघताय म्हटलं की माझी माणसं नीट बघतात." मी हसून सोडून दिलं.

मग त्या वर्षीची खंडेनवमी आली. पिना मोजायचं जुनं गेज झिजलं म्हणून वहिनींनी नवं आणलं होतं. हे गेज म्हणजे घोड्याच्या नालासारखा पोलादाचा तुकडा, दोन्ही टोकांना जबडे. एका जबड्यातून पिन गेलीच पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. दुसऱ्यातूनही गेली तर पिन बारीक झाली, फुकट गेली. बाकीची गेजेस पेटीत असायची आणि कुंकू पेटीच्या झाकणाला लागायचं. हे नवं म्हणून ताटात सगळ्यांच्या पुढे मांडलेलं. शेवंताबाईंनी नव्या सुनेचं तोंड गोड करावं तसं भरल्या बोटानं त्याच्या दोन्ही जबड्यांत कुंकू लावलं. पोलादाला तेलाचा हात होताच. कुंकू त्यात कालवलं गेलं आणि थर धरून बसलं.

दसरा सुट्टीत गेला. एकादशीला सकाळी शेड उघडली. आमच्याकडे पिना संपत आल्या होत्या, मीच घाई लावली होती आणि कंपनीची गाडी दुपारी यायची होती. दगडूमामांनी गेजवरची फुलं काढली, अक्षता झटकल्या आणि कामाला लागले. दुपारी पेट्या भरून गेल्या. आमच्या गेटवर नेहमीप्रमाणे कुणी त्या उघडल्या नाहीत.

रोज संध्याकाळी गेजेस स्वतः पुसून पेटीत ठेवायची हा वहिनींचा नेम. त्या दिवशी त्यांनी नवं गेज पुसलं तर फडक्याला लाल तेल आलं. थोडा वेळ त्या फडक्याकडे बघत राहिल्या म्हणे. मग ट्रेमध्ये उरलेली एक पिन घेऊन त्यांनी ती पुसलेल्या गेजला लावली. जिथून जायला नको तिथून ती सरळ खाली पडली. कुंकवाच्या थरानं जबडे अरुंद झाले होते, त्यामुळे बारीक पिना दिवसभर बरोबर म्हणून पास होत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा भोंगा व्हायच्या आत वहिनी गेटवर होत्या. रुमालात गेज, पिन आणि ते लाल फडकं. मी त्यांना आमच्या मॅनेजरांकडे, सबनीस साहेबांकडे नेलं. सबनीस माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिन गेजमधून पडताना पाहिली आणि उठून केबिनचं दार लावलं.

"वहिनी, फरक एका केसाएवढाही नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "गाडी चालेल. ही गोष्ट आपल्या तिघांत राहू दे. पुढच्या लॉटला नीट माल द्या, मी विसरलो असं समजा. वर कळलं तर लाइन थांबेल, गाड्या खोलाव्या लागतील, आणि तुमचं नाव काढून टाकतील. तुमच्या जागी यायला लोक टपून बसलेत. तुमच्या माणसांचा तरी विचार करा."

सबनीस खोटं काहीच बोलत नव्हते. वहिनींच्या शेडमधलं बहुतेक काम आमचंच होतं. आम्ही हात काढला तर शेड बसलीच. मला मनातून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. अगदी खरं सांगायचं तर मी देवाला तसं म्हणतही होतो.

वहिनी म्हणाल्या, "मोठी चूक असती तर तुमच्या फिटरलाच सापडली असती, साहेब. ही एवढी लहान आहे की फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसले तर ती कुणालाच सापडायची नाही. आज नाही, पण पिन आणखी झिजली की एखाद्या दिवशी घाटात, भरल्या गाडीखाली सापडेल."

"सगळ्याच गाड्या काही घाटात जात नाहीत."

"मी तिथे वाकून बघितलंय हो," वहिनी म्हणाल्या. "ती पिन कुठे बसते ते बघितलं नसतं, तर कदाचित तुमचं ऐकलंही असतं."

सबनीसांनी विचारलं, "चूक कुणाची? त्या माणसाचं नाव द्या, मी वर सांगतो की त्याला काढलं. तेवढ्यावर भागेल कदाचित."

"गेज माझं आहे," वहिनी म्हणाल्या. सबनीसांनी विचारायचं तितक्या वेळा विचारलं, पण याहून जास्त उत्तर त्यांना मिळालं नाही.

लाइन थांबली. यार्डात उभ्या केलेल्या गाड्या परत आत घेऊन खोलल्या, पिना काढल्या. फिटर लोकांनी ओव्हरटाइम केला आणि वहिनींच्या नावानं बोटं मोडली. गेटबाहेर मात्र एकही गाडी गेली नव्हती. वरच्या साहेबांनी सबनीसांना उभं-आडवं घेतलं आणि संध्याकाळी हुकूम आला की यापुढे त्या वर्कशॉपला काम नाही. ते जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. भोसरीचा रस्ता त्या दिवशी मला फार लवकर संपल्यासारखा वाटला.

वहिनींनी ऐकलं आणि मशिनं बंद करायला लावली. सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं, "कंपनीचं काम गेलंय. मी दुसरं शोधीन, पण कधी मिळेल ते माहीत नाही. ज्याला दुसरीकडे जायचं असेल त्याने जावं. मी रागावणार नाही."

मग दगडूमामा पुढे आले. खंडेनवमीला जॉब उचलायला यायचे तसेच, पण हात रिकामे होते. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "फडकं हातात घेतलं व्हतं मी सकाळी. म्हटलं, आधी गेज साफ करावं."

"मग?"

"तुमी समोर बसला व्हता." दगडूमामा म्हणाले. "तुमच्या म्होरं कुकू कसं पुसायचं, वहिनी? माजा हातच झाला न्हाई. म्हटलं, तुमी उठून गेल्या की पुसतो. मंग घाई झाली अन् ऱ्हाऊनच गेलं."

मी खाली बघत होतो. पोरं-बाळं असलेली ती दांडगी माणसं सगळी खाली बघत होती. वहिनींना एकदम पोरकं वाटलं असेल, की कुणीतरी आपलं एवढं मन जपतं याचं बरं वाटलं असेल, मला आजही सांगता येत नाही. डोळे भरले होते एवढं मी पाहिलं.

"दगडू," त्या म्हणाल्या, "तू माझं मन सांभाळलंस. पण ज्याच्या गाडीला ती पिन लागणार होती, त्याच्याही घरी कुणी कुंकू लावत असेल ना रे? माझं गेलं ते गेलं. तिचं राहायला हवं."

पुढचे महिने वाईट गेले. वहिनींनी उसाच्या चरकाचे रोळ केले, दवाखान्यातल्या खाटांची चाकं केली, फाटकांच्या बिजागऱ्या केल्या. वीजकपातीत शेड अर्धा आठवडा बंदच असायची. दोघं-तिघं सोडून गेले, त्यांना त्यांनी नारळ देऊन निरोप दिला. एक मशीन विकलं. मी अधूनमधून जायचो, चहा प्यायचो, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे हवापाण्याचं बोलून परतायचो. दगडूमामांना एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. शेवंताबाई मला म्हणाल्या, "जायाचं म्हनलं तर मीच घरात घिनार न्हाई."

आमचंही काही बरं चाललं नव्हतं. नवा पुरवठादार पिना वेळेवर द्यायचा, पण त्यातल्या निम्म्या परत जायच्या. शेवटी सबनीसांनीच एक दिवस मला बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जा, वहिनींना विचार." मी इतक्या जोरात स्कूटर कधी मारली नव्हती. वहिनींनी ऐकून घेतलं, ट्रेमधला जॉब खाली ठेवला. "देईन," त्या म्हणाल्या, "पण माझी प्रत्येक पेटी गेटवर उघडायची. डोळे मिटून घेणार असाल तर मला काम नको." पुरवठादारानं कंपनीला घातलेली अशी अट मी नोकरीत पहिली आणि शेवटची ऐकली. सबनीसांनी ती मान्य केली, तपासणीवाले मात्र बरेच दिवस कुरकुरत होते.

त्या बारीक झालेल्या लॉटमधली एक पिन वहिनींनी स्वतःजवळ ठेवली होती. माणसं तिला खोटी पिन म्हणायची. ती दरवर्षी खंडेनवमीच्या ताटात असायची आणि तिची हकिगत वहिनी स्वतः सांगायच्या, दगडूमामांचं नाव न घेता. कुंकवाच्या वेळी दाराशी जाऊन उभं राहणं त्यांनी सोडून दिलं होतं. शेवंताबाई कुंकू लावायच्या, आरती व्हायची आणि मग वहिनी पुढे होऊन सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, गेजचं कुंकू पुसायच्या. पुसून झालं की खोटी पिन लावून बघायच्या. ती आरपार पडली म्हणजे गेज साफ झालं. पहिल्या वर्षी ते बघताना जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता. पुढे तो पूजेचाच भाग झाला, आणि नव्या पोरांना तर वाटायचं की खंडेनवमी अशीच करतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही खंडेनवमीलाच. एव्हाना माझी बदली दुसऱ्या खात्यात झाली होती, पण पेढा चुकवायचा नाही असं बायकोनं ठरवलेलं. वहिनी खुर्चीत बसून होत्या. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरत होत्या. शेड त्यांनी माणसांच्याच नावावर करून द्यायचं ठरवलं होतं, कागद तयार होत होते. आरती झाली, कापूर विझला आणि सगळ्यांच्या माना सवयीनं त्यांच्याकडे वळल्या.

वहिनींनी मांडीवरचं फडकं उचललं आणि दगडूमामांपुढे धरलं.

दगडूमामा तिथेच उभे राहिले. म्हातारे झाले होते तेही. फडक्याकडे बघत होते, वहिनींच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होते.

"पूस," वहिनी म्हणाल्या. "मी समोर बसलेय."

त्यांनी फडकं घेतलं. दोन्ही जबडे नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसले, फडकं उलटं करून पुन्हा पुसले. मग ताटातली खोटी पिन उचलून गेजला लावली. ती आरपार जाऊन पितळी ताटात पडली आणि तिचा आवाज सगळ्या शेडमध्ये ऐकू आला.

"पडली, वहिनी," दगडूमामा म्हणाले.

"मग झालं," वहिनी म्हणाल्या, आणि शेवंताबाईंना त्यांनी पेढे वाटायला सांगितले.